किनाऱ्याचे पाणी रोजच बदलते, मग समुद्राच्या आम्लीकरणाची काळजी कशासाठी?

पृथ्वीवरचे जीवन सुरळीत चालू राहायचे असेल तर कोणकोणत्या मर्यादा ओलांडता कामा नयेत, याची नऊ कलमांची यादी शास्त्रज्ञांच्या एका गटाने २००९ साली मांडली होती. त्यांपैकी सहा मर्यादा आधीच ओलांडल्या गेल्या होत्या. सातवीही ओलांडली गेल्याचे २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात जाहीर झाले. ही सातवी मर्यादा समुद्राच्या आम्लीकरणाची. बातमी वाचून ज्यांनी थोडे खोलात जाऊन आकडे पाहिले, त्यांच्या मनात बहुधा एक शंका आली असेल. उद्योगयुगाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच) साधारण ८.२ वरून ८.१ वर आला, म्हणजे दोन-अडीचशे वर्षांत जेमतेम ०.१ ने उतरला. दुसरीकडे किनाऱ्यालगतच्या पाण्यात मोजणीचे यंत्र ठेवले, तर पहाटेपासून दुपारपर्यंतच्या काही तासांतच तो आकडा याच्या दुप्पट-तिप्पट हललेला दिसतो. जे पाणी एका दिवसात इतके बदलते, त्याचे शतकांमध्ये झालेल्या एवढ्याशा बदलाने काय बिघडणार?

ही शंका खोडसाळ नाही आणि अडाणीपणाचीही नाही. समुद्राच्या रसायनशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांनी ती स्वतःच विचारली आहे आणि तिचे उत्तर शोधण्यात बरीच वर्षे घालवली आहेत. मला तर वाटते, की आम्लीकरण समजून घेण्याची सर्वांत चांगली वाट याच शंकेतून जाते. रोजचा चढउतार आणि दीर्घकाळाची घट या गोष्टी एकमेकींना खोडून काढत नाहीत. घट ही चढउताराच्या पाठीवर बसूनच किनाऱ्यावरच्या जीवांपर्यंत पोहोचते.

सामू म्हणजे काय, आणि ०.१ म्हणजे किती

पीएच, म्हणजे शालेय पुस्तकांत आणि शेतीच्या बोलण्यात ज्याला सामू म्हणतात तो, एखादे द्रावण किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसन यांनी १९०९ साली ही मोजपट्टी तयार केली. पाण्यात हायड्रोजनचे विद्युतभारित कण, म्हणजे हायड्रोजन आयन, जितके जास्त तितकी आम्लता जास्त आणि सामूचा आकडा तितका कमी. साधारण ७ हा मध्यबिंदू; त्याखाली आम्ल, त्यावर अल्क.

या मोजपट्टीची खोच अशी, की तिच्यावरचे अंतर बेरजेचे नसून पटीचे आहे. सामू १ ने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात, ०.३ ने उतरला की जवळजवळ दुप्पट, आणि ०.१ ने उतरला की सुमारे २६ टक्क्यांनी वाढतात. म्हणजे ०.१ हा आकडा डोळ्यांना जितका किरकोळ वाटतो तितका तो नाही. पण हाच हिशेब प्रामाणिकपणे पुढे नेला, तर दिवसभरात ०.३ ने हलणाऱ्या पाण्यातही हायड्रोजन आयन रोज दुप्पट-निमपट होत असतात, हेही मान्य करावे लागते. म्हणून केवळ 'सामूची पट्टी पटीची असते' एवढे सांगून मूळ शंका मिटत नाही.

येथेच आणखी एक आक्षेप निकाली काढता येईल. ८.१ सामू असलेले पाणी अल्कधर्मी आहे, मग त्याला आम्लीकरण का म्हणायचे? याचे उत्तर साधे आहे. हवेचे तापमान ४० अंशांवरून ३५ अंशांवर आले तर आपण हवा थंड झाली असे म्हणतो. ३५ अंश ही थंडी नव्हे, हे सर्वांना ठाऊक असते. आम्लीकरण हा शब्द मुक्काम सांगत नाही, दिशा सांगतो. समुद्र आम्ल होणार नाही, पण त्याची वाटचाल त्या बाजूने चालू आहे.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरल्यावर

माणूस इंधन जाळून आणि जंगले तोडून दरवर्षी जितका कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला सुमारे एक चतुर्थांश समुद्र शोषून घेतो. हवा त्यामुळे कमी तापते, हा आपला फायदा. मात्र हा वायू पाण्यात नुसता विरघळून स्वस्थ बसत नाही. पाण्याशी संयोग होऊन त्याचे कार्बनिक आम्ल बनते आणि त्या आम्लातून हायड्रोजन आयन सुटतात. समुद्राच्या पाण्यात कार्बोनेट आयन नावाचे कण आधीपासून असतात. ते या सुट्या हायड्रोजन आयनांना धरून ठेवतात आणि स्वतः बायकार्बोनेट होऊन जातात. वाहनाच्या चाकाखाली खड्डा आला तरी शॉक अॅब्सॉर्बरमुळे आत बसलेल्याला हिसका कमी बसतो, तसे हे कार्बोनेट समुद्राचे शॉक अॅब्सॉर्बर आहेत. ते आहेत म्हणूनच एवढा वायू पोटात घेऊनही सामू फक्त ०.१ ने उतरला.

पण प्रत्येक हिसक्यात हे कार्बोनेट खर्ची पडतात. समुद्रात विरघळलेल्या एकूण कार्बनपैकी सुमारे ९० टक्के बायकार्बोनेटच्या रूपात, एखादा टक्का नुसत्या वायूच्या रूपात आणि उरलेला, म्हणजे जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा, कार्बोनेटच्या रूपात असतो. शिंपले, कालवे (ऑयस्टर), गोगलगायी, प्रवाळ हे सगळे जीव आपले कवच किंवा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात. पाण्यात कार्बोनेट मुबलक असेल तर हे बांधकाम स्वस्तात होते. ते विरळ झाले तर तेवढ्याच कवचासाठी जिवाला जास्त शक्ती खर्चावी लागते. आणि एका मर्यादेखाली गेले तर तयार कवचच विरघळू लागते. ही मर्यादा सांगणाऱ्या आकड्याला संपृक्तता म्हणतात. ती १ च्या वर असेल तर कवच टिकते, १ च्या खाली गेली तर उघडे कवच झिजते. सातव्या मर्यादेची जी बातमी आली, तीही प्रत्यक्षात सामूवरून ठरवलेली नसून पृष्ठभागाच्या या संपृक्ततेवरून ठरवलेली आहे.

खडकातल्या डबक्यातला एक दिवस

आता किनाऱ्यावर येऊ. ओहोटी लागली की खडकांच्या खळग्यांत पाणी अडकून राहते आणि पुढच्या भरतीपर्यंत त्या डबक्याचा समुद्राशी संबंध तुटतो. भर दुपारी अशा डबक्याजवळ वाकून पाहिले, तर हिरव्या शेवाळाच्या पातीवर टाचणीच्या डोक्याएवढे चंदेरी बुडबुडे चिकटलेले दिसतात. मधूनच एखादा सुटतो आणि थरथरत वर येतो. तो प्राणवायू असतो. शेवाळ उन्हात अन्न तयार करत असते आणि त्यासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड भराभर ओढून घेत असते. त्यामुळे डबक्याचा सामू चढत जातो.

तेच डबके रात्रीच्या ओहोटीत अडकले, की चित्र उलटते. ऊन नाही, म्हणून अन्न तयार करणे बंद. पण श्वास घेणे कोणाचेच थांबलेले नसते. शेवाळ, खडकाला चिकटलेले शिंपले, कपारीतला खेकडा, तळाच्या गाळातले जिवाणू असे सगळे कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात आणि बाहेर जायला वाट नसते. काही डबक्यांमध्ये सामू दुपारी ९ च्या आसपास पोहोचतो आणि रात्री ७.५ च्याही खाली उतरतो. बंद खोलीत रात्रभर माणसे झोपली की पहाटे हवा कोंदट होते, तसेच हे.

उघड्या किनाऱ्यावर लाटा पाणी ढवळत असल्यामुळे हा खेळ एवढा टोकाचा होत नाही, पण चालू असतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या टोकाला टाटूश नावाचे बेट आहे. तिथे आठ वर्षे सामू मोजत राहिलेल्या संशोधकांनी २००८ साली चोवीस हजारांहून अधिक नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत एखाद्या सर्वसाधारण दिवसात सामू ०.२४ ने वरखाली होत असल्याचे आढळले. याच्या जोडीला हवाई बेटांच्या उत्तरेकडचे, खोल समुद्रातले 'अलोहा' हे निरीक्षण केंद्र ठेवून पाहा. तिथे १९८८ पासून मोजणी चालू आहे आणि सामू दरवर्षी ०.००२ हूनही थोड्या कमी वेगाने, पण न चुकता उतरतो आहे. म्हणजे भर समुद्रात शंभराहून अधिक वर्षांत जेवढा बदल होईल, तेवढा टाटूशच्या किनाऱ्यावर एका दिवसात होतो. शंकेतला आकडा खरा आहे, तो असा.

नदी, खत आणि तळाचे पाणी

जीवांच्या श्वासाखेरीज इतर गोष्टीही किनाऱ्याचे पाणी बदलतात. नदीचे गोडे पाणी बहुधा कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या बाबतीत गरीब असते, त्यामुळे ते मिसळले की किनाऱ्याच्या पाण्याची हिसके सोसण्याची ताकद कमी होते. अॅमेझॉन हे याचे ठळक उदाहरण. पण हा नियम सरसकट लावता येत नाही. मिसिसिपीसारख्या नदीच्या खोऱ्यात चुनखडी भरपूर असल्याने तिचे पाणी उलट ही ताकद वाढवते, आणि बाल्टिक समुद्रात तर गेल्या काही दशकांत अशा विरघळलेल्या क्षारांची भर पडत गेल्यामुळे आम्लीकरणाचा बराचसा परिणाम झाकला गेला आहे.

शेतातले खत आणि शहरांचे सांडपाणी नदीवाटे समुद्रात आले, की पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती बेसुमार वाढतात. पृष्ठभागावर काही दिवस सामू चढतो. मग त्या मरून तळाला जातात, कुजतात, आणि कुजताना तळाचा प्राणवायू संपवून तिथे कार्बन डायऑक्साइड भरतात. वरच्या थरात सामू चढलेला आणि खालच्या थरात त्याच वेळी उतरलेला, असे दृश्य मिसिसिपीच्या मुखाशी मेक्सिकोच्या आखातात आढळले आहे.

मात्र सर्वांत महत्त्वाचे कारण आहे खोलातले पाणी वर येण्याचे, आणि त्यावर जरा थांबायला हवे. किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. कॅलिफोर्निया-ऑरेगन, पेरू-चिली आणि नामिबिया यांच्या किनाऱ्यांवर हे घडते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावरही घडते. हे पाणी पोषक द्रव्यांनी समृद्ध असते, म्हणून तिथे मासळी विपुल. पण वरून पडणारे मृत अवशेष खोलात वर्षानुवर्षे कुजत आलेले असल्याने त्यात कार्बन डायऑक्साइडही भरपूर असतो. हे निसर्गतःच आम्लतेकडे झुकलेले पाणी आहे. माणसाने एक थेंबही इंधन जाळले नसते तरी ते तसेच असते.

२००७ च्या मे-जून महिन्यांत अमेरिकी संशोधकांनी कॅनडापासून मेक्सिकोपर्यंतच्या पश्चिम किनाऱ्यालगत जहाजाने फिरून पाण्याचे नमुने घेतले. कवच झिजवू शकणारे, म्हणजे संपृक्तता १ च्या खाली गेलेले पाणी किनाऱ्याजवळच्या उथळ भागात शिरलेले त्यांना आढळले, आणि उत्तर कॅलिफोर्नियाजवळ तर ते थेट पृष्ठभागापर्यंत आलेले होते. त्या पाण्याचा हवेशी शेवटचा संपर्क सुमारे ५० वर्षांपूर्वी आला असावा, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे त्या पाण्यात दोन वाटे होते. एक मोठा, खोलात कुजण्यातून आलेला नैसर्गिक वाटा, आणि त्यावर एक लहान वाटा, अर्धशतकापूर्वीच्या हवेतून आलेला. मर्यादा ओलांडायला तो लहान वाटा पुरला.

मोठ्या चढउतारात छोटी घट कशी बोचते

गळ्यापर्यंतच्या पाण्यात एक माणूस उभा आहे, अशी कल्पना करा. लाटा येत आहेत. प्रत्येक लाटेबरोबर पाणी वीतभर चढते आणि उतरते. हनुवटी उचलून, लाट येताना श्वास रोखून तो तग धरतो. त्याला याची सवय आहे. आता पाण्याची मूळ पातळी फक्त चार बोटांनी वाढली. वीतभर लाटेपुढे चार बोटे म्हणजे फार नव्हे. तरी पूर्वी जी लाट ओठांना लागून परत फिरत होती, ती आता नाकावरून जाते. पूर्वी क्वचित येणारी, नाक बुडवणारी लाट आता वारंवार येते आणि दोन लाटांमधला श्वास घेण्याचा अवधी आखडत जातो. त्या माणसाचा जीव लाटेमुळे धोक्यात आला की पातळीमुळे, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

किनाऱ्यावरच्या जीवाला सरासरी सामू कधीच भेटत नसतो. त्याला भेटतात पहाटेचे तीन तास, ओहोटीचा एक फेरा, खोल पाणी वर आलेला एक आठवडा. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते संपृक्तता धोक्याच्या रेषेखाली किती वेळा गेली, किती वेळ राहिली आणि दोन वाईट वेळांमध्ये सावरायला किती उसंत मिळाली, हे. सरासरी थोडीशी सरकली तरी या तिन्ही गोष्टी बऱ्याच बदलू शकतात, आणि जिथे चढउतार आधीच रेषेपर्यंत पोहोचत होता तिथे तर सर्वांत आधी बदलतात.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते लोकांपर्यंत ती पुरेशी पोहोचलेली नाही. शॉक अॅब्सॉर्बर झिजल्यावर रस्ता तोच आणि खड्डे तेच असले, तरी हिसके वाढतात. समुद्रात अगदी हेच होते. सध्या समुद्रातला एकूण विरघळलेला कार्बन एका टक्क्याने वाढला, तर त्यातला मुक्त वायूचा भाग सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. रॉजर रेव्हेल या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा गुणक समुद्र जसजसा कार्बन पोटात घेतो तसतसा वाढत जातो. म्हणून शेवाळाने आणि शिंपल्यांनी रात्री तेवढाच श्वास घेतला, तेवढाच कार्बन सोडला, तरी भविष्यातल्या पाण्यात त्याचा धक्का आजच्यापेक्षा मोठा बसेल. अमेरिकेच्या प्युजेट साउंड या आखाती भागातल्या समुद्री गवताच्या कुरणाचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातही सरासरी जितकी बदलते त्यापेक्षा वाईट तासांची टोके अधिक वेगाने बदलतात, असेच दिसून आले. 'नैसर्गिक चढउतार मोठा आहे, म्हणून माणसाचा वाटा नगण्य' हा युक्तिवाद येथे उलटा पडतो, कारण माणसाच्या वाट्याने तो नैसर्गिक चढउतारच मोठा होत जातो.

दिवसाच्या चढउतारातून दीर्घकाळाचा बदल वेगळा काढावा लागणे हे समुद्रापुरतेच घडलेले नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग १९५५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बिग सर येथील झाडीत हवेचे नमुने घेत होते. रात्री झाडे आणि माती श्वास सोडत असल्याने कार्बन डायऑक्साइड चढायचा आणि दुपारी उतरायचा. त्या चढउताराला गोंधळ समजून त्यांनी मोजणी सोडली नाही. दुपारी हवा नीट मिसळलेली असते आणि तेव्हाचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी जवळजवळ सारखे येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातूनच झाडापेडांपासून दूर, हवाईच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ साली मोजणी सुरू झाली. पहिला आकडा होता दहा लाख भागांत ३१३. आज तो ४२० च्या वर आहे. चढउतार समजला, म्हणून दीर्घकाळाची वाढ दिसली.

तिथले जीव सवयीचे झालेले नसतात का

काही जीव होतात. बदलत्या पाण्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या जीवांमध्ये सहनशक्ती जास्त असल्याची उदाहरणे आहेत, आणि ती नाकारून कोणाचा फायदा नाही. समुद्री गवताला तर जादा कार्बन मानवतोही. इटलीत नेपल्सजवळ इस्किया बेटापाशी समुद्रतळातून ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी बाहेर पडतो. तिथे वायूच्या जवळ जावे तसे समुद्री गवत जोमदार दिसते. मात्र चुन्याचा थर बांधणारे शेवाळ तिथून नाहीसे होते आणि गोगलगायींची कवचे झिजलेली आढळतात. बुडबुडे तिथे आजचे नाहीत. तरीही कवच बांधणाऱ्यांना ती जागा मानवलेली नाही.

याबरोबर हेही सांगितले पाहिजे, की आम्लीकरणाच्या नावाने केलेला प्रत्येक दावा टिकलेला नाही. आम्लतेमुळे प्रवाळभित्तीवरच्या माशांचे वागणे बिघडते, अशी संशोधने एके काळी गाजली होती; २०२० साली दुसऱ्या गटाने तेच प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा केले, तेव्हा तसे परिणाम आढळले नाहीत. माशांबद्दलचा तो दावा ढासळला म्हणून कवचाचे रसायनशास्त्र बदलत नाही, पण दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवण्याची शिस्त पाळायला हवी.

सवयीचा प्रश्न बहुधा प्रौढ जीव डोळ्यांसमोर ठेवून विचारला जातो. खरी अडचण पहिल्या दोन दिवसांत असते. ऑरेगनच्या नेटार्ट्स उपसागरात कालवांची पिल्ले तयार करणारे व्हिस्की क्रीक नावाचे केंद्र आहे. २००७ आणि २००८ मध्ये तिथल्या टाक्यांतली पिल्ले मोठ्या संख्येने मरू लागली. आधी संशय एका जिवाणूवर गेला. पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था झाली, तरी मरणे थांबेना. शेवटी ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीने टाकीत येणाऱ्या पाण्याचे रसायन मोजले गेले आणि समुद्रात खोल पाणी वर आलेले दिवस व पिल्ले न वाढण्याचे दिवस जुळले.

कालवाचे पिल्लू अंड्यातून निघाले की पहिल्या दोनेक दिवसांत आपले पहिले कवच बांधते. ते केसाच्या जाडीएवढे असते आणि अजून खायलाही शिकलेले नसते. अंड्यातून शिदोरीसारखी जी शक्ती मिळाली, तेवढ्यातच त्याला हे काम उरकायचे असते. शिवाय हे कवच अॅरॅगोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या अधिक सहज विरघळणाऱ्या प्रकाराचे असते. प्रौढ कालवाचे कवच मुख्यतः त्याहून कमी विरघळणाऱ्या प्रकाराचे असते. पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर शिदोरी कवचावरच संपते आणि पिल्लू तिथेच थांबते. येथे संपृक्तता १ च्या खाली जाण्याचीही वाट पाहावी लागत नाही. बांधकाम महाग झाले एवढेच पुरते.

उपाय दोन निघाले, आणि दोन्हींमध्ये नैसर्गिक चढउताराची ओळख कामाला आली. उपसागरात समुद्री गवत भरपूर असल्याने दुपारी उशिरा तिथले पाणी सर्वांत चांगले असते. म्हणून टाक्या पहाटेऐवजी तेव्हा भरायच्या. आणि समुद्राचे पाणी वाईट असेल त्या दिवशी त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, मोजून घालायचा. केंद्र वाचले. टाकीत हे जमते. समुद्राला टाकीसारख्या भिंती नसतात.

पूर्वी हवेत याहून जास्त कार्बन होता, तेव्हाही शिंपले होते

होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी हवेत आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त कार्बन डायऑक्साइड असूनही चुन्याचे प्रचंड थर साचले. फरक वेगाचा आहे. कार्बन हजारो-लाखो वर्षांत सावकाश वाढतो, तेव्हा जमिनीवरचे खडक झिजून नद्यांवाटे क्षार समुद्रात येतात आणि समुद्रतळाचा चुनाही थोडा विरघळून तूट भरून काढतो. शॉक अॅब्सॉर्बरची दुरुस्ती होते, पण तिला हजारो वर्षे लागतात. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी कार्बन भूशास्त्रीय मापाने झपाट्याने वाढला, तेव्हा खोल समुद्रतळावरचा पांढरा चुन्याचा गाळ विरघळून त्या जागी मातकट लाल थर उरला. आजही तळाचे नमुने काढले की तो पट्टा दिसतो. आजचा वेग तेव्हाच्याही कितीतरी पट आहे.

घट मोजायला किती वर्षे लागतात

किनाऱ्यावर उभे राहून घेतलेल्या एका नोंदीवरून आम्लीकरणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही, ना बाजूने ना विरुद्ध. नोंदीबरोबर वेळ, भरती-ओहोटी, तापमान आणि खारटपणा लिहिलेला नसेल तर ती जवळजवळ निरुपयोगीच. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय निरीक्षण जाळ्याने अचूकतेच्या दोन पायऱ्या ठरवल्या आहेत. रोजचे व ऋतूंचे चढउतार टिपायचे असतील तर सामूतली चूक ०.०२ पर्यंत चालते. दशकांची घट टिपायची असेल तर ती ०.००३ च्या आत हवी. काचेच्या साध्या इलेक्ट्रोडला हे सहसा जमत नाही, कारण त्याचा आकडा हळूहळू आपोआप सरकतो. म्हणून पाण्यात पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत रंग बदलणारे रंगद्रव्य घालून त्या रंगाची छटा प्रकाशाने मोजतात.

एवढे करूनही धीर लागतो. तरंगत्या निरीक्षण केंद्रांच्या नोंदींवरून २०१९ साली केलेल्या हिशेबानुसार, माणसामुळे झालेला बदल नैसर्गिक चढउतारातून निःसंशय वेगळा काढायला भर समुद्रात ८ ते १५ वर्षांच्या नोंदी लागतात. किनाऱ्याजवळ त्यासाठी १६ ते ४१ वर्षे लागतात. किनाऱ्यावर घट अजून दिसत नाही असे कोणी म्हटले, तर त्यांच्याजवळ किती वर्षांच्या नोंदी आहेत हे आधी विचारावे. चार वर्षांच्या नोंदींत ती दिसणारच नाही.

किनाऱ्यावर काय करता येते

सांडपाणी आणि खत समुद्रात जाणे कमी केले, तर तळाशी कुजण्यातून होणारी स्थानिक आम्लता कमी होते. हे प्रत्येक किनाऱ्याच्या हातात आहे आणि त्याचा परिणाम काही वर्षांत दिसू शकतो. समुद्री गवताची कुरणे राखणेही चांगले, फक्त त्यांच्याकडून अवास्तव अपेक्षा नको; दिवसा ती पाणी सुधारतात, रात्री तीच श्वास सोडतात. जहाजांनी आणि केंद्रांनी घेतलेल्या नोंदी चालू ठेवण्यासाठी निधी मिळत राहणे हे तर यातले सर्वांत दुर्लक्षित काम. मूळ कारण मात्र हवेतला कार्बन हेच आहे, आणि तिथे काळाचा हिशेब वेगळा लागतो.

२००७ साली ऑरेगनच्या किनाऱ्याला जे पाणी वर आले, त्याचा हवेशी शेवटचा संबंध सुमारे पन्नास वर्षांपूर्वीचा होता. कीलिंग यांनी मौना लोआवर पहिली नोंद घेतली तो साधारण तोच काळ. म्हणजे कालवांच्या टाक्यांत शिरलेल्या त्या पाण्याने ३१३ च्या आसपासच्या हवेचा वाटा सोबत आणला होता. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षीचे पाणी त्याहून वाढत्या आकड्याचा वाटा घेऊन खाली गेले आहे आणि वाटेत आहे. आज उत्तर प्रशांत महासागराच्या पृष्ठभागावरून खाली उतरणारे पाणी ४२० च्या वरच्या हवेला शिवून निघाले आहे, आणि ते त्या किनाऱ्याला साधारण २०७५ च्या सुमारास वर येईल.